अंगणातली गाडी कुणी चालू करू नये

वडिवळे,
रविवार, दुपार

अमृतदादांना महिपतीचा नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर श्री लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. अनिताचं सुतक कधीच फिटलं, पण हात तिथे थांबला आणि मी त्याला थांबू दिलं. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? तुमच्याकडची भातकापणी उरकली असेल. आमच्याकडे धरणाच्या अंगाची खाचरं अजून उभी आहेत. मी बरा आहे. जेवण सरूबाईकडून येतं (नको म्हटलं तरी येतं, आणि नको म्हणायला विसरलो तर दोनदा येतं). पत्र बघून तुम्ही दचकला असाल, कारण तिकोणा पेठ काही लांब नाही आणि फोन दोघांकडे आहे. पण मी तुम्हाला आज सकाळपासून दोनदा फोन केला होता. तुम्ही "बोला" म्हणालात, मी "सहजच" म्हणालो, मग आपण थंडीवर बोललो आणि मी ठेवून दिला. म्हणून लिहितो आहे. लिहिताना समोरचा वाट बघत नाही, हे मला सोयीचं पडतं.

दिवाळीत आमच्या घरात यंदा कढई चढणार नाही हे लक्षात ठेवून तुम्ही तुमच्या पिंकीबरोबर फराळाचा डबा पाठवलात, तो पोचला. चकल्या उत्तम होत्या. पिंकी अंगणात गाडीजवळ बराच वेळ उभी होती. मला वाटलं, आत्याच्या आठवणीने उभी आहे, म्हणून मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हिंजवडीहून फोन आला. मी दात घासत होतो. ती म्हणाली की, मामा (आतोबा म्हणणं तिला कधी जमलं नाही), आत्याच्या गाडीच्या काचेला जो कॅमेरा आहे तो नुसतं चित्र घेत नाही, गाडीतला आवाजही घेतो. आत्याचं बोलणं त्यात अजून असेल.

तुम्हाला माहीत आहे, लोणावळ्यात एका पर्यटकाने गाडी मागे घेताना अनिताच्या गाडीला ठोकर दिली आणि वर तिलाच सुनावलं, त्यानंतर तिने हा कॅमेरा बसवून घेतला होता. खंडाळ्याच्या बँकेत कामाला जाता-येता तो चालू असायचा. संध्याकाळी घरी येताना ती गाडीतून रोज आपल्या दादाला, म्हणजे तुम्हाला, फोन लावायची आणि कामशेत येईपर्यंत बोलायची, हेही मला माहीत होतं. घरी आल्यावर ती म्हणायची, "बोलून झालं सगळं, आता चहा द्या." मी चहा द्यायचो. आमच्या घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज कुठेच नाही. लग्नाकार्यांचे व्हिडिओ सगळे तिनेच काढलेले, त्यामुळे त्यांत बाकीचे सगळे बोलतात आणि ती नाही. पिंकीने सांगितलं ते ऐकून मी तोंडातला फेस न थुंकता तसाच उभा राहिलो. पुढे तिने दुसरी गोष्ट सांगितली. कॅमेऱ्यातलं कार्ड भरलेलं असतं. गाडी चालू झाली की तो नवीन चित्रीकरण घेतो आणि जागा करण्यासाठी सर्वांत जुनं पुसतो. तेव्हा मामा, गाडी चालू करू नका, असं ती म्हणत असतानाच अंगणात गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

इथे धोंडिबाबद्दल थोडं सांगायला हवं. तो माझा चुलतभाऊ, शेजारच्या घरातला, सरूबाईचा नवरा, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी गाडी चालवत नाही (एवढी वर्षं डाव्या बाजूला बसलो, त्यात मला कमीपणा कधी वाटला नाही). तेराव्यानंतर गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल, म्हणून धोंडिबाने किल्ली स्वतःकडे घेतली आणि रोज सकाळी तो ती चालू करू लागला. आधी आत एक उदबत्ती लावायची, स्टिअरिंगला हात जोडायचे, मग इंजिन चालू करून तंबाखू मळून होईपर्यंत बसून राहायचं. मला त्याचं फार बरं वाटायचं. आलेल्या-गेलेल्यांना मी कौतुकाने सांगितलंही होतं. आता ही गाडी उभी असायची ती त्याच्या गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून. म्हणजे भाद्रपदापासून कॅमेरा रोज ती भिंत टिपत होता. खंडेनवमीला आमच्याकडे पूजा नव्हती, तर सरूबाईने आपल्या ट्रॅक्टरबरोबर आमच्या गाडीचीही पूजा केली आणि आरशाला झेंडूची माळ अडकवली. मग ती वाळेपर्यंत कॅमेऱ्याने झेंडू टिपला. एका बाजूने भिंत भरली जात होती आणि दुसऱ्या बाजूने अनिता पुसली जात होती, आणि मी रोज ओट्यावरून हे बघत चहा पीत होतो.

मी बनियनवर तसाच धावलो. धोंडिबा डोळे मिटून बसला होता. मी काच वाजवली आणि बंद कर म्हणालो. "आत्ताच तर लावली, भाऊ. पाच मिन्टं ऱ्हाऊ द्या, न्हाईतर बॅटरी बसंल." मी दार उघडून त्याच्या मांडीवरून हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. माझ्या तोंडाला फेस होता. त्याला काय वाटलं असेल ते असो, तो उतरून गेला आणि दोन दिवस इकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो दारातच उभा राहून म्हणाला, "माझं काय चुकलं त्ये तरी सांगा." मी सांगितलं. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "म्हंजी म्या वयनीला पुसत हुतो व्हय रोज? उदबत्ती लावून?" मी म्हणालो की नाही, तू बॅटरी वाचवत होतास. पण त्याचं समाधान झालं नाही.

पहिला उपाय सोपा वाटला. कार्ड काढायचं आणि कॉम्प्युटरला लावायचं. कार्ड नखाएवढं असतं. ते मी चष्म्याच्या घरात ठेवलं, घर वरच्या खिशात ठेवलं, आणि त्यावर हात ठेवून कामशेतला गेलो (जीपमध्ये समोरच्या बाईने मला छातीत दुखतंय का म्हणून विचारलं). तिथल्या एका मोबाइलच्या दुकानातल्या माणसाने कार्ड लावलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चौकट आली. त्याने ती वाचली नाही. त्याचा हात सवयीने होकाराकडे निघाला होता. मी तेवढ्यात 'फॉरमॅट' हा शब्द वाचला आणि त्याचं मनगट धरलं. मी आयुष्यात परक्या माणसाचं मनगट धरलेलं नाही. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. तो म्हणाला, "काका, हे असंच विचारत असतं. हो म्हणायचं असतं." हो म्हटलं की काय होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही, सगळं साफ होतं. एकदम नव्यासारखं." मी कार्ड घेऊन, हात तसाच छातीवर ठेवून परत आलो आणि ते जिथून काढलं तिथे घातलं.

कॅमेरा कार्डावर स्वतःच्याच पद्धतीने लिहितो, कॉम्प्युटर ते ओळखत नाही, तेव्हा आता वाय-फाय हा एकच मार्ग उरला, असं पिंकीने सांगितलं. मला ते समजायला वेळ लागला, म्हणून तुम्हालाही सांगतो. कॅमेऱ्याचं स्वतःचं छोटं वाय-फाय असतं. त्याचा इंटरनेटशी काही संबंध नाही. गाडीची किल्ली फिरवायची, कॅमेरा जागा होतो. त्याचं बटण दाबून धरायचं, मग फोनमध्ये त्याचं नाव दिसतं. ते निवडायचं, पासवर्ड म्हणून एक ते आठ आकडे ओळीने टाकायचे, मग कॅमेऱ्याचं ॲप उघडायचं. ॲप लागलं की कॅमेरा चित्रीकरण थांबवतो आणि आतलं सगळं आपल्याला दाखवतो, फोनमध्ये उतरवूनही देतो. अडचण एवढीच की कॅमेरा जागा झाल्या क्षणी चित्रीकरण सुरू करतो. म्हणजे किल्ली फिरवल्यापासून ॲप लागेपर्यंत जितका वेळ जाईल तितकी अनिता खर्च होणार. हे कळल्यावर मी किल्ली न लावता गाडीत बसून सराव केला. बोट कुठून कुठे जाणार हे पाठ केलं. कंपनीत स्टोअरला असताना आगीची तालीम व्हायची, ती मी कधी इतक्या मनापासून केली नव्हती.

काल शनिवार, पिंकीला सुट्टी होती. तिने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला. धोंडिबा मागच्या सीटवर बसला आणि सरूबाई खिडकीपाशी उभी राहिली. मी किल्ली फिरवली. कॅमेऱ्यातली बाई इंग्रजीत म्हणाली की चित्रीकरण सुरू झालं आहे. मी बटण दाबलं, नाव निवडलं, आकडे टाकले. जोडणी झाली आणि पिंकी तोंड उघडं असतानाच थिजली आणि नाहीशी झाली. कॅमेऱ्याच्या वाय-फायवर इंटरनेट नाही आणि ती इंटरनेटवर होती, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तेवढ्यात फोनने विचारलं की या ठिकाणी इंटरनेट नाही, तरी थांबायचं का? मी चष्मा नीट करून ते वाचेपर्यंत फोनने स्वतःच निर्णय घेतला आणि पलीकडच्या बंगल्याच्या वाय-फायवर जाऊन बसला. पिंकी परत आली. "मामा, काय झालं?" मी किल्ली बंद केली. पुन्हा लावली. पुन्हा पिंकी थिजली, पुन्हा फोन बंगल्यावर. (बंगला मुंबईच्या एका माणसाचा आहे, राखण धोंडिबाकडे. पावसात रेंज गेली होती तेव्हा त्यानेच मायेने तो पासवर्ड माझ्या फोनमध्ये घालून दिला होता.) प्रत्येक वेळी ती बाई चित्रीकरण सुरू झाल्याचं सांगायची. समोर गोठ्याच्या भिंतीवर शेणाच्या गोवऱ्या दिसत होत्या. या गोवऱ्यांसाठी कुठली संध्याकाळ गेली असेल, खंडाळ्याची की कार्ल्याची, असं मनात येत होतं. तिसऱ्या वेळी मी किल्ली काढून खिशात टाकली आणि कुणीही काही बोलू नये असं म्हणालो. तसं कुणी बोलत नव्हतंच.

धोंडिबा म्हणाला की बंगल्याचं वाय-फाय शिवेवरच्या बांधापर्यंतच येतं, तो रोज फोनवर कुस्त्या बघत तिथवर जातो, पुढे ते तुटतं. तेव्हा गाडी बांधापलीकडे न्यावी. चालू तर करायची नव्हती. म्हणून आम्ही ती ढकलायची ठरवलं. अंगणातून रस्ता मागे सरळ उतरतो, त्यामुळे चाकं वळवावी लागणार नव्हती. मी पुढून ढकलत होतो, धोंडिबा उघड्या दारातून एक हात हँडब्रेकवर ठेवून खांद्याने रेटत होता, आणि सरूबाई चाकाला दगड लावायला मागे होती. गाव शनिवारचा घरी होता. पहिल्या घरापाशीच दोघे धावत आले. बंद पडली का, धक्का देतो, तुम्ही फक्त किल्ली लावा. मी नको म्हणालो. पुढे एक म्हातारे आबा काठी टेकत रस्त्याच्या मध्यात आले. ते पूर्वी ट्रकवर होते. "हिकडं आण किल्ली. म्या लावून दावतो, कशी चालू हुत न्हाई ती." मी खिशावर हात ठेवला. आबांनी तो हात पाहिला आणि जास्तच जवळ आले. तेव्हा सरूबाई हातात दगड घेऊन म्हणाली, "गाडी चांगली हाय, आबा. चालू करायची न्हाई म्हणून तर ढकलतोय." आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाजूला झाले. ज्या घरात माणूस गेलं त्या घराला लोक फार प्रश्न विचारत नाहीत. त्याचा मला काल उपयोग झाला.

बांधापलीकडे गाडी थांबवली. धोंडिबा घामाने निथळत होता. पिंकीने साध्या फोनवर सांगून ठेवलं होतं की मोबाइल डेटा बंद करा आणि थांबायचं का विचारलं की ताबडतोब हो म्हणा. मी किल्ली फिरवली. बाई बोलली. बटण, नाव, आकडे. थांबायचं का? हो. ॲप उघडलं. मध्यावर एक चक्र फिरत राहिलं. आम्ही तिघंही त्या चक्राकडे बघत होतो आणि कॅमेरा समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. मग चक्र गेलं आणि चित्रीकरण थांबल्याचं दिसलं.

आत छोट्या-छोट्या तुकड्यांची रांग होती, नवीन वर, जुनं खाली. भिंत. भिंत. भिंत. सरूबाई म्हणाली, "ह्यो आपलाच गोठा की." भिंत. नुसता पिवळा झेंडू. पुन्हा भिंत. मी बोटाने खाली जात होतो आणि भिंत संपत नव्हती. धोंडिबाने तोंड फिरवलं. मग एकदम पाऊस दिसला, काचेवर वायपर, आणि पुढे लोणावळ्याच्या वाहनांचे लाल दिवे. भिंतीच्या मानाने ते तुकडे फार थोडे होते. पण होते.

सर्वांत जुन्यापासून उतरवायला घेतलं, कारण आधी तोच जाणार होता. एक उतरला आणि फोन म्हणाला की जागा नाही. काय पुसावं ते मला तिथे उभ्या-उभ्या ठरवायचं होतं. दादा, तुम्ही रोज सकाळी फुलांवर छापलेले सुविचार पाठवता. मी ते वाचतो आणि ठेवतो. काल मी ते सगळे पुसले. राग मानू नका, ते फार होते आणि त्यांनीच जागा झाली. मग तुकडे एकामागून एक उतरायला लागले, पण अगदी सावकाश. थोड्याच वेळात गाडीतला दिवा मंदावल्यासारखा वाटला. आठवडाभर मी गाडी चालू करू दिली नव्हती. धोंडिबा बॅटरीबद्दल काही बोलला नाही. नुसता दिव्याकडे बघत राहिला, आणि न बोलण्यात त्याला किती कष्ट पडत होते ते मला दिसत होतं. इंजिन चालू करावं तर कॅमेरा एकदा बंद होऊन पुन्हा चित्रीकरण सुरू करणार. न करावं तर हा असा मालवत जाणार. मी काही न करता बसलो. एक तुकडा उतरायचा, दिवा थोडा कमी व्हायचा. शेवटच्या संध्याकाळचे तुकडे राहिले होते तेव्हा कॅमेरा बंद पडला.

पण ते कार्डात सुखरूप आहेत. बॅटरी पार उतरली आहे आणि धोंडिबाने ती काढून भरायला कामशेतला नेली आहे. आता कुणी गाडी चालू करायची म्हटली तरी ती होणार नाही. त्यामुळे काल मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. गाडी बांधापलीकडेच उभी आहे.

उतरलेलं मी आज सकाळपासून ऐकतो आहे. चित्रात अनिता कुठेच नाही, रस्ताच आहे. ती पर्यटकांच्या गाड्यांना जे बोलते ते मी इथे लिहीत नाही. बँकेतल्या साहेबांना बोलते. चिक्कीच्या दुकानांसमोर दोन रांगांत गाड्या लावणाऱ्यांना बोलते. बाकी सगळं तुमच्याशी. तुमचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून स्वच्छ आला आहे. तुम्ही एके ठिकाणी मला खांब म्हणाला आहात. त्यावर ती म्हणते, "असू दे. छत त्याच्यावरच आहे." मला राग आलेला नाही. तो तुकडा मी दोनदाच ऐकला.

आणखी काय लिहू? तब्येतीला जपा, गुडघ्याला तेल लावत जा. वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद. धोंडिबा उद्या पवनानगरला जातो आहे, तो पुढे येऊन पत्र तुमच्या हाती देईल.

तुमचा
महिपती

ता. क. फराळाचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात नवा इंद्रायणी भरला आहे. तांदूळ सरूबाईने निवडला आहे, मी नाही, तेव्हा खडे निघणार नाहीत.

दुसरा ता. क. पिंकीने नंतर सांगितलं की बंगल्याचं वाय-फाय फोनला विसरायला लावता येतं. त्यासाठी एक बटण असतं. शिवाय कॅमेऱ्याची वायर लायटरच्या भोकातून उपसली असती तर गाडी चालू करून, चालवत बांधापर्यंत नेता आली असती, हे ही ओळ लिहिताना माझ्या लक्षात आलं. धोंडिबाला यातलं काही सांगू नका. त्याची कंबर धरली आहे आणि तो ते आपल्या वहिनीच्या, अनिताच्या, कामासाठी झालं म्हणून समाधानात आहे.

तिसरा ता. क. सर्वांत जुना जो तुकडा मिळाला, ज्याच्या मागचं सगळं भिंतीखाली गेलं, तो तुमच्या हसण्याने सुरू होतो. तुम्ही खूप वेळ हसता. मध्ये ठसका लागतो, तरी हसता. मग अनिता म्हणते, "हसू नको दादा, खरंच असंच म्हणाले हे," आणि तीही हसायला लागते, इतकी की हॉर्न वाजवायचा राहतो आणि मागचा वाजवतो. पुढे लगेच तुमच्या म्हशीचा विषय निघतो. मी काय म्हणालो होतो ते आधीच्या तुकड्यात होतं. तो बहुधा कालच गेला, अंगणात, माझा चष्मा नीट होईपर्यंत. मी सकाळपासून आठवतो आहे. मी घरात बोललेलं फारसं नाही, तेव्हा शोधायला थोडंच आहे, तरी सापडत नाही. फोन मी याच्यासाठी केले होते. तुम्हाला आठवत असेल तर जसंच्या तसं कळवा. गमतीचं नसलं तरी चालेल. तिला कशाचं हसू आलं, एवढंच मला पाहिजे.